कर्नल स्वतः कंपाइल करत नाही, मग लिनक्सवाला नाही?

मुलुंडकर: काल इथे एकाने ज्ञान पाजळलं : 'ज्याने कर्नल स्वतः कंपाइल केला नाही, त्याने लिनक्स वापरतो म्हणून सांगू नये.' रात्री झोपच आली नाही. कर्नल म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा मूळ प्रोग्रॅम, कंपाइल म्हणजे सोर्स कोडपासून तो स्वतः बनवणं. मी केलाय हो! रात्रभर मेक (कंपाइलची कमांड), मे महिन्यात लॅपटॉपवर पापड भाजावेत अशी धग. सकाळी रीबूट, तर कर्नल पॅनिक, म्हणजे मशीन सुरूच होईना : रूट फाइलसिस्टिम (सिस्टिमच्या फाइली जिथे असतात ती) सापडेना. एनव्हीएमई डिस्कचा ड्रायव्हर मॉड्यूल, म्हणजे कर्नलबाहेरची वेगळी फाइल, म्हणून ठेवला होता आणि सुरुवातीला ते मॉड्यूल पुरवणारं इनिटरॅमएफएस बनवायचं राहिलं. ग्रबमध्ये (सुरू होताना कर्नल निवडायचा मेनू) जुना कर्नल होता म्हणून वाचलो, पण 8:40 ची लोकल गेली ती गेलीच. डिस्ट्रोवाले, म्हणजे तयार लिनक्स पुरवणारे, कर्नल आयता देतात, सिक्युरिटी पॅचसकट. ही हौस कशाला?

स्लो लोकल: इनिटरॅमएफएस तुम्ही विसरलात आणि खापर कर्नलवर? मेक लोकलमॉडकॉन्फिग करायचं, नको ते ड्रायव्हर गळतात. माझ्या जुन्या आय-3 वर अडीच तासांचं काम 20 मिनिटांत.

चाळकरी: हो, आणि ते फक्त त्या क्षणी लोड असलेले मॉड्यूल घेतं. मी केलं तेव्हा पेनड्राइव्ह लावलेला नव्हता. महिन्याने मेव्हणा लग्नाचे फोटो घेऊन आला, पेनड्राइव्ह दिसेचना. त्याच्यासमोर कंपाइल करत बसलो. बायको अजून तो विषय काढते.

गिरगावकर: आधी 'कर्नल' थांबवा. कर्नल सैन्यात असतो. हा कर्नेल. खरं तर 'गाभा' म्हणा, शब्द आहे आपल्याकडे.

स्लो लोकल: गाभा कंपाइल करून गाभाऱ्यात ठेवू का? आणि मेक इन्स्टॉलला 'प्राणप्रतिष्ठा'?

गिरगावकर: टर उडवणं सोपं असतं. उद्या तुमचीच पोरं 'भाजी चॉप कर' म्हणतील.

चाळकरी: माझी आत्ताच म्हणतात. पण काका, तुम्ही तरी लिनक्स वापरता का?

गिरगावकर: तो प्रश्नच नाही!

मुलुंडकर: मग कुठला आहे? धागा माझा आहे हो.

स्लो लोकल: मुद्द्यावर येतो. लॅमिंग्टन रोडवरून वायफाय डोंगल आणला. दुकानदार म्हणाला, 'लिनक्सवर चालतो.' डिस्ट्रोच्या कर्नलमध्ये ड्रायव्हरच नव्हता, नव्या कर्नलमध्ये होता. तेव्हा काय करायचं? आणि लिनक्स बनवणाऱ्या टॉर्वाल्ड्सनेही 1991 मध्ये हे हौस म्हणूनच सुरू केलं होतं.

मुलुंडकर: तो टॉर्वाल्ड्स. तुम्ही डोंगलवाले. पण ठीक, ड्रायव्हरसाठी मान्य. मात्र पुढचा सिक्युरिटी पॅच आला की पुन्हा मेक तुम्हालाच करायचाय, डिस्ट्रो तुमच्या घरी येणार नाही. केलात का मागच्या वेळी?

स्लो लोकल: वेळ मिळाला नाही.

मुलुंडकर: बरं, बरं.

चाळकरी: शेवटी डोंगल चालला का?

स्लो लोकल: चालला. दोन महिन्यांनी जळाला.

गिरगावकर: शीर्षकात अजून 'कर्नल'च आहे.