शब्दचर्चा : ओर्मूज, मालाका आणि ‘अठरा जूनवर’

प्रश्न :
माझं माहेर पणजीचं. परवा पुण्याच्या वन्संना फोनवर सहज म्हटलं, “सकाळी अठरा जूनवर गेले होते, कापड आणायला.” त्या म्हणाल्या, “अगं, आत्ता कुठे एप्रिल चाललाय! आणि तारखेला ‘ला’ लावतात, ‘वर’ नाही.” तेव्हापासून डोक्यात घोळतंय. पणजीतल्या ‘अठरा जून’ रस्त्याबद्दल आम्ही जन्मभर असंच बोलतो, ते चूक का? आणि दुसरं, ज्या ओर्मूज रस्त्यावरून मी लहानपणी रोज जायचे, तो ओर्मूज कोण? मला तो कुणी जुना गव्हर्नर वाटायचा.

उत्तर :
ताई, ओर्मूज माणूस नव्हे, बंदर. इराणच्या आखाताच्या तोंडाशी असलेलं होर्मुझ. पोर्तुगिजांच्या तोंडी ‘ह’ टिकत नाही, म्हणून ओर्मूज. पणजीतच मालाका रस्ता आहे, ते मलेशियातलं बंदर मलाक्का. शाळेचा नकाशा काढा आणि होर्मुझ व मलाक्का या दोन्ही सामुद्रधुन्यांवर बोट ठेवा. एक आखाताचं दार, दुसरं चीनकडे जायची वाट. मध्ये आपला गोवा. पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसो द आल्बुकेर्कनं १५१० मध्ये आदिलशहाकडून गोवा घेतला, १५११ मध्ये मलाक्का, आणि १५१५ मध्ये होर्मुझवर पक्की पकड बसवली. दक्षिणेतल्या राजांना लागणारे घोडे होर्मुझहून गलबतांनी गोव्यात उतरत, म्हणजे ते बंदर ज्याच्या हातात त्याच्याच हातात घोडदळाची नाडी. समुद्रावर जहाज न्यायचं तर पोर्तुगिजांचा परवाना लागे, त्याला ‘कार्ताझ’ म्हणत. तो नसला की जहाज जप्त.

मला स्वतःला यातलं सगळ्यात लागतं ते पुढचंच. होर्मुझ १६२२ मध्ये इराणी आणि इंग्रजांनी मिळून घेतलं, मलाक्का १६४१ मध्ये डचांनी. आणि पणजी राजधानी झाली १८४३ साली. शहराची आखणीही त्याच शतकातली. म्हणजे या पाट्या लागल्या तेव्हा ती दोन्ही बंदरं हातची जाऊन कितीतरी पिढ्या उलटल्या होत्या. जिंकलेल्या नव्हे, गमावलेल्या मुलखाची नावं आहेत ही. आल्बुकेर्कचा पुतळा जिथं होता त्या चौकाचं आझाद मैदान झालं, पुतळा जुन्या गोव्याच्या संग्रहालयात गेला. ओर्मूज मात्र लोकांच्या तोंडी राहिला. माझं मत विचाराल तर रस्त्याचं नाव ‘ओर्मूज’च लिहावं, सामुद्रधुनीचं ‘होर्मुझ’. पाटीवर ‘ह’ घातला तर आपल्या आजी-आजोबांचा उच्चार पुसला जाईल.

आता ‘अठरा जूनवर’. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली, त्यांना अटक झाली, आणि गोमंतकाच्या लढ्याला नवं तोंड फुटलं. ती तारीख पणजीच्या रस्त्याला दिली. तारीख एकदा जागेचं नाव झाली की तिला जागेचे प्रत्यय लागणारच: अठरा जूनवर, अठरा जूनवरून, अठरा जूनच्या कोपऱ्यावर. ‘ला’ लावला की ती परत दिवस होते. तुमच्या वन्संना एकच वाक्य ऐकवा: “अठरा जूनला अठरा जूनवर भेटू.” पणजीचं लहान पोरही इथे अडखळणार नाही.

पुरवणी (आणखी एका वाचकाची) :
बाब, यात पणजीच्या फोंतेंय्याश या जुन्या वस्तीतला ‘एकतीस जानेवारी’ रस्ताही घाला. ३१ जानेवारी १८९१ ला पोर्तुगालच्या पोर्तु शहरात राजेशाहीविरुद्ध बंड झालं, त्याची ती तारीख. बंड त्याच दिवशी मोडलं. प्रजासत्ताक आलं १९१० मध्ये. आमची आई तिथंच वाढली. तिला तो दिवस कसला, हे कुणी सांगितलं नव्हतं, पण “एकतीस जानेवारीत आमचं घर” हे ती अगदी सहज म्हणायची. तिच्या तोंडी ‘वर’ नव्हता, ‘त’ होता. रस्ता नव्हे, वाडाच म्हणायची ती त्याला.

प्रश्नकर्ती :
आमच्याकडेही ‘एकतीस जानेवारीत’च म्हणत! पण ‘अठरा जूनत’ कधीच ऐकलं नाही. तिथं दुकानं, इथं घरं, म्हणून असेल का?