तेरा जण गेले, आता मिशिगनकडून काय अपेक्षा ठेवायची?

प्रेषक: अ. के., कँटन
बुधवार, २१ ऑगस्ट २०२४
विषय: टेक्सास गेमची तिकिटं

नमस्कार मंडळी,

मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाची ७ सप्टेंबरला टेक्सासशी गेम आहे, तिची तिकिटं आपण एकत्र काढली होती. गेम दुपारी १२ वाजता आहे आणि त्याच दिवशी गणेश चतुर्थी. काही घरी इथल्या पंचांगाप्रमाणे शुक्रवारीच गणपती बसणार आहेत, पण बऱ्याच जणांनी शनिवार धरलाय. प्रतिष्ठापनेमुळे ज्यांना जमणार नसेल त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा, दुसऱ्याला तिकीट देता येईल.

पण काही निरोप वेगळेच आहेत. "सगळी चांगली पोरं गेली, मुख्य प्रशिक्षक हार्बॉ गेला, मग उन्हात बसून मार खाताना कशाला बघायचं?" असं दोन-तीन घरांतून आलंय. मला स्वतःला संघ इतका वाईट वाटत नाही, एपी वृत्तसंस्थेच्या देशभरातल्या संघांच्या क्रमवारीत आपण नवव्या नंबरवर आहोत. पण नावं वाचायला गेलं की निम्मी ओळखीची नाहीत हेही खरं. काका, तुम्ही १९९७ चं विजेतेपद आणि त्यानंतरचं वर्ष दोन्ही इथे राहून पाहिलंय. तुम्हाला काय वाटतं ते सविस्तर लिहा ना.

अ.

----

प्रेषक: वि. म., अ‍ॅन आर्बर
गुरुवार, २२ ऑगस्ट २०२४
विषय: Re: टेक्सास गेमची तिकिटं

अ. आणि सर्व मंडळी,

तिकिटं परत करू नका. मात्र गेल्या वर्षीचाच संघ बघायला मिळेल असं धरूनही येऊ नका.

आधी काय गेलं ते नीट बघू. जानेवारीत ह्यूस्टनला वॉशिंग्टनला ३४-१३ हरवून ज्यांनी १५-० असा सीझन पुरा केला, ती मुलं एका वर्षात तयार झालेली नव्हती. २०२० मध्ये आपण दोन गेम जिंकलो आणि चार हरलो. २०२१ मध्ये ऑरेंज बोलला जॉर्जियाने ३४-११ असं लोळवलं, २०२२ मध्ये टीसीयूने ५१-४५ ने हरवलं. त्या हरलेल्यांतल्या कोरम, झिंटर, कीगन यांना तेव्हाच एनएफएलला, म्हणजे व्यावसायिक लीगला, जाता आलं असतं. ते गेले नाहीत, आणखी एक वर्ष खेळायला परत आले. शिवाय कोविडमुळे २०२० चं वर्ष कोणाच्याच खेळायच्या मुदतीत धरलं नव्हतं, त्यामुळे मायकल बॅरेटसारखा मुलगा सहाव्या वर्षी मैदानात होता. इतका मुरलेला संघ कॉलेजात क्वचितच जमतो, आणि जमला की एकदमच रिकामा होतो. एप्रिलमध्ये ड्राफ्ट, म्हणजे एनएफएलच्या संघांनी कॉलेजातली मुलं निवडायचा कार्यक्रम, आपल्या डेट्रॉइटमध्येच होता. तीन दिवसांत मिशिगनची १३ नावं पुकारली गेली, आपल्या विद्यापीठाचा हा विक्रम आहे.

लोक जे. जे. मॅकार्थीसाठी हळहळतात. सुरुवातीपासून खेळलेल्या २८ गेमपैकी २७ जिंकलेला क्वार्टरबॅक (पास टाकणारा, संघ चालवणारा), ड्राफ्टमध्ये दहाव्या नंबरला व्हायकिंग्जने घेतला. हळहळ साहजिक आहे. पण मला खरी काळजी त्याच्या पुढे उभ्या असणाऱ्या पाचांची आहे. झिंटर, कीगन, न्यूजंट, बार्नहार्ट, हेंडरसन, ट्रेंटे जोन्स. ऑफेन्सिव्ह लाइनवर, म्हणजे समोरच्यांना अडवणाऱ्या पुढच्या फळीत, गेल्या वर्षी नियमित खेळलेले हे सहाच्या सहा गेले.

मंगळवारी गोपाळकाला आहे म्हणून सांगतो. हंडी फोडणाऱ्याचा फोटो पेपरात येतो, पण खालच्या थरातल्यांचे खांदे एकमेकांना ओळखत नसतील तर वर कोण चढतोय याला काही अर्थ नसतो. लाइनचं तसंच आहे. समोरचा खेळाडू डावीकडून आत घुसला तर त्याला मी धरायचं की शेजाऱ्याने, हे बॉल सुटल्यावर पापणी लवायच्या आत ठरावं लागतं. तिथे बोलायला वेळ नसतो. कीगन, बार्नहार्ट आणि जोन्स २०१९ मध्ये एकत्र आले, झिंटर पुढच्या वर्षी आला. ते बोलल्याशिवाय समजून जायचे.

गेल्या नोव्हेंबरातली पेन स्टेटची गेम आठवा. हार्बॉ निलंबित, त्याच्या जागी शेरॉन मूर कडेला उभा, आणि गेम संपेपर्यंत आपण ओळीने ३२ वेळा बॉल हातात घेऊन पळालो. समोरच्यांना कळत होतं काय येणार आहे, तरी थांबवता आलं नाही. जिंकलो २४-१५. पुढे ओहायो स्टेटच्या गेममध्ये झिंटरचा पाय मोडला, मैदानभर सुन्न झालं, आणि लगेच पुढच्या प्लेला बॉल घेऊन पळणारा आपला कोरम २२ यार्ड पळून टचडाउनला (गोलरेषेपार) पोचला. कोरमचे गेल्या सीझनमधले पळून केलेले २७ टचडाउन त्याच्या पायांइतकेच त्या सहा जणांचे आहेत.

आता १९९८, म्हणजे मागच्या विजेतेपदानंतरचं वर्ष. बचावातला वुडसन गेला, क्वार्टरबॅक ग्रीसी गेला. पहिल्याच गेममध्ये नॉत्र दामने ३६-२० हरवलं. पुढच्या शनिवारी इथे घरी सिराक्यूज आली, त्यांचा मॅकनॅब आपल्या लोकांच्या हातून निसटत राहिला, ३८-२८. विजेतेपदानंतर सलग दोन पराभव! आमच्या ऑफिसात सोमवारी कुणी तोंड वर करून बोलत नव्हतं. पण पुढे आठ सलग जिंकल्या आणि सीझन १०-३ वर संपला. नवा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी होता, म्हणून सगळे श्रेय त्याला देतात. मी जे पाहिलं ते असं की जॅन्सन, हचिन्सन, बॅकस ही लाइनवरची मंडळी जाग्यावर होती. ब्रेडीला चुकायला आणि शिकायला वेळ त्यांनी मिळवून दिला.

यंदा उलट आहे. नवा क्वार्टरबॅक, आणि त्याला वेळ मिळवून देणारेही नवे. हे दोन्ही एकाच वर्षी येणं वाईट. म्हणून माझा अंदाज आठ, फार तर नऊ विजय.

बचावाच्या बाजूने मात्र मी निर्धास्त आहे, त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

वि. म.

----

प्रेषक: मी. दे., नोव्हाय
शुक्रवार, २३ ऑगस्ट २०२४
विषय: Re: टेक्सास गेमची तिकिटं

नमस्कार काका,

पत्र फार आवडलं, पण दोन गोष्टी पटल्या नाहीत.

एक म्हणजे न्यूजंट स्टॅनफर्डहून आणि हेंडरसन अ‍ॅरिझोना स्टेटहून, दोघेही गेल्याच वर्षी आले होते. म्हणजे सहांपैकी दोघे पाहुणेच होते आणि तरीही एका सीझनमध्ये रुळले. यंदा नॉर्थवेस्टर्नचा जॉश प्रीब आलाय, अनुभवी गार्ड आहे. माइल्स हिंटन गेल्या वर्षी काही गेम सुरुवातीपासून खेळलाय, एल-हादी इथेच वाढलाय. ट्रान्सफर पोर्टलच्या (दुसऱ्या कॉलेजातून खेळाडू येण्याच्या) काळात "सीनियर गेले म्हणजे पाटी कोरी" असं राहिलेलं नाही.

दुसरं, क्वार्टरबॅकचा प्रश्न तुम्ही लवकर आटोपलात. माझी मुलगी तिथे तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या वसतिगृहात हा एकच विषय चालू आहे: ऑर्जी की वॉरन? क्वार्टरबॅकच्या जागेसाठी हे दोघे चुरशीत आहेत. ऑर्जी पळतो तेव्हा अंगावर येणाऱ्याला धडकी भरते, पण त्याला नियमित पास टाकताना आम्ही कुणी पाहिलेलं नाही. टाकणारच नाही हे कळलं की समोरचे नऊ जण पुढे येऊन उभे राहतील, मग कितीही चांगली लाइन असली तरी पळायला जागा कुठून येणार? आणि डेव्हिस वॉरनबद्दल तर मला मनापासून लिहायचंय. शाळेत असताना त्या मुलाला ल्युकेमिया झाला. त्यातून बरा होऊन तो शिष्यवृत्ती नसताना इथे आला, मागच्या रांगेत उभा राहिला, आणि आज तो गतविजेत्या संघाचा पहिला क्वार्टरबॅक होण्याच्या चुरशीत आहे. तो इंटरसेप्शन टाकेल (पास समोरच्यांच्या हातात देईल), टाकूदे. आपल्या रांगेतून त्याला कुणी हुर्यो करू नये एवढं मला या लिस्टवर सांगायचंय. गेल्या वर्षी आपल्याच लोकांनी वीस-एकवीस वर्षांच्या पोरांना काय काय म्हटलं ते मी शेजारी बसून ऐकलंय, आणि मला ते अजून सहन होत नाही.

आमच्याकडे गणपती शनिवारी पहाटेच बसवतोय. आम्ही तिघं येणार.

मी. दे.

----

प्रेषक: रा. प., ट्रॉय
शुक्रवार, २३ ऑगस्ट २०२४
विषय: Re: टेक्सास गेमची तिकिटं

सर्वांना नमस्कार. थोडक्यात लिहितो.

जॉर्जियाचे २०२२ च्या ड्राफ्टमध्ये १५ जण गेले आणि पुढच्या सीझनला ते १५-० राहून पुन्हा विजेते झाले. एलएसयूचे (लुइझियाना स्टेटचे) २०२० मध्ये १४ गेले आणि त्या सीझनला ते ५-५ वर आले (कोविडचं वर्ष होतं हे मान्य). दोघेही विजेते, दोघांचंही जवळपास तेवढंच नुकसान. मग फरक कशाचा? जॉर्जियाच्या राखीव फळीत देशातले सर्वांत मागणी असलेले पोरगे वाट बघत उभे होते, शिवाय क्वार्टरबॅक आणि मुख्य प्रशिक्षक तेच राहिले. एलएसयूने क्वार्टरबॅकबरोबर बचावाचा सूत्रधार आणि पासिंगची आखणी करणारा प्रशिक्षकही गमावले होते. आपल्याकडून हार्बॉ, बचावाचा मिंटर, व्यायामाचा हर्बर्ट असे तिघेही प्रशिक्षक एनएफएलच्या चार्जर्सला गेले. मला आपली अवस्था एलएसयूच्या जास्त जवळची वाटते. काकांचे आठ विजय मला जास्त वाटतात, मी सात म्हणेन.

तिकीट माझं ठेवा. येतोय.

रा. प.

----

प्रेषक: वि. म., अ‍ॅन आर्बर
रविवार, २५ ऑगस्ट २०२४
विषय: Re: टेक्सास गेमची तिकिटं

मी. ताई, रा.,

ताई, हुर्योबद्दल तुम्ही लिहिलंत त्याला माझा पूर्ण पाठिंबा. हे मंडळाच्या सगळ्या रांगांना लागू.

न्यूजंट आणि हेंडरसन एका वर्षात रुळले हे खरं, पण ते चार जुन्यांच्या मधे येऊन उभे राहिले. नव्याला सांभाळून घेणारा जुना शेजारी होता. यंदा प्रीबच्या शेजारी कोण? तोही पहिल्यांदाच नियमित खेळणारा. म्हणून मला वेळ लागेल असं वाटतं. जमणार नाही असं मी म्हणत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी ही लाइन आजच्यापेक्षा खूप वेगळी दिसेल, पण टेक्सास सप्टेंबरात येतोय.

रा., एलएसयूची तुलना मला एका कारणाने मान्य नाही, आणि ते कारण म्हणजे आपल्या बचावाचा मधला भाग. मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट दोघेही आहेत. ग्रॅहम गेल्या सीझनच्या रोज बोल गेमचा बचावातला सर्वोत्तम खेळाडू. ग्रँट तर दीडशे किलोंच्या वर. पेन स्टेटच्याच त्या गेममध्ये त्यांचा रनिंग बॅक केट्रन अ‍ॅलन मोकळा सुटला होता, आणि हा धिप्पाड मुलगा मागून धावत जाऊन त्याला पकडतो! मी तो प्ले पुन्हा पुन्हा लावून बघितलाय. त्या अंगाच्या माणसाला तो वेग कुठून येतो ते मला अजून कळलेलं नाही. मागे विल जॉन्सन, अंतिम सामन्यातला बचावाचा मानकरी. रॉड मूरचा गुडघा वसंतातल्या सरावात गेला, तो यंदा नाही, हे मोठं दुःख. ओहायो स्टेटविरुद्धचा शेवटचा बॉल त्यानेच पकडला होता. तरीही मधे हे दोघे उभे असताना कुठलाही संघ आपल्यावर धावत सुटेल असं मला वाटत नाही. गेल्या वर्षी आपण सरासरी जेमतेम दहा गुण दिले. यंदा सोळा-सतरा दिले तरी बहुतेक गेम चौथ्या क्वार्टरपर्यंत हातात राहतील. त्यातल्या निम्म्या सुटतील, निम्म्या जिंकू. आठाचा हिशेब तिथून आलाय.

चढाईच्या बाजूला टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा) कोल्स्टन लव्हलंड आहे. नव्या क्वार्टरबॅकला अडचणीत बॉल द्यायला तो एक हक्काचा माणूस. बॉल घेऊन पळणारा डॉनवन एडवर्ड्सही आहे, वॉशिंग्टनविरुद्ध पहिल्याच क्वार्टरमध्ये ४१ आणि ४६ यार्डांचे दोन टचडाउन करणारा. तेव्हाही त्याच्यापुढे जुनी लाइन होती, ते विसरू नका. मला त्याच्यापेक्षा केलेल मलिंग्जकडून जास्त आशा आहे. तो अंगावर दोन माणसं घेऊन तीन यार्ड पुढे पडतो, आणि कच्च्या लाइनमागे असाच माणूस लागतो.

सर्वांत अवघड गोष्ट ३० नोव्हेंबरची. सलग तीन वर्षं आपण ओहायो स्टेटला हरवलंय, आणि त्याचा परिणाम त्यांच्या घरी दिसतोय. सॉयर, तुइमोलोआउ, एग्बुका, बर्क, त्यांचा हेंडरसन (आपल्या लाइनवरचा नव्हे) सगळे ड्राफ्ट सोडून परत आलेत. आपल्याला हरवायला. २०२३ ला आपल्या सीनियरांनी जे केलं तेच यंदा ते करताहेत. आणि गेम कोलंबसला आहे. तिथे काय होईल याचा अंदाज मी देणार नाही, पण नोव्हेंबरात ग्रॅहम आणि ग्रँट दोघेही धडधाकट असतील तर मी ती गेम आधीच हरलेली धरायला तयार नाही.

३१ तारखेला फ्रेस्नो स्टेटशी पहिली गेम आहे, शनिवारी संध्याकाळी साडेसात. घरी टीव्हीवर बघणार असाल तर एक करा. बॉल कुठे जातो ते दोन-चार प्ले सोडून द्या आणि फक्त सेंटर (लाइनच्या मधोमध, बॉल सोडणारा) आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या गार्डकडे बघा. तिसऱ्या डाउनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) समोरचे जागा बदलून आत घुसतात, तेव्हा दोघं एकाच माणसाला धरताना दिसले आणि एक जण मोकळा क्वार्टरबॅकवर गेला, तर टेक्सासच्या दिवशी दुपार लांबलचक जाईल. एकाने ढकलून पुढच्याच्या हाती दिला आणि स्वतः नव्याकडे वळला असं दिसलं, तर मला लगेच फोन करा, माझा आकडा मी नऊ करतो.

वि. म.