विषय: बर्फात पळायचं म्हणजे घालायचं काय?

प्रेषक: सेलूकर, मिनियापोलिस

मंडळी, नमस्कार.

मी ऑगस्टमध्ये इथं शिकायला आलो. मूळचा परभणी जिल्ह्यातल्या सेलूचा. गावाकडं रोज पहाटे पळायचो, पोलीस भरतीच्या पोरांसंगं. ती सोळाशे मीटरची तयारी करायची, मी नुसताच त्यांच्या मागं. इथं आल्यावरही नोव्हेंबरपर्यंत नीट चाललं. आता बर्फ पडलाय आणि माझी पार वाट लागली.

रविवारी उणे ९ होतं. आत बनियन, त्यावर सुती टी-शर्ट, त्यावर आईनं दिलेला लोकरीचा स्वेटर, वरून जाड जर्किन आणि माकडटोपी, असा जामानिमा करून निघालो. दोन किलोमीटरमध्ये घामाघूम. टोपी काढली, जर्किनची चेन उघडली. परत फिरलो तर वारा समोरून. बनियन पाठीला असं चिकटलं की कुणी बर्फाची लादी बांधलीय. घराच्या कोपऱ्यावर पाय सटकला, कोपर सुजलं ते वेगळंच. मग तासभर पांघरुणात कुडकुडत पडलो.

रूममेट म्हणायलेत, जिममध्ये पळ. त्या पट्ट्यावर मला जीव गुदमरल्यावानी होतं. इथं बाहेर पळणारं कुणी आहे का? माझं नेमकं काय चुकायलंय?

---

प्रेषक: परभणीची मावशी (१४ वर्षं मिनियापोलिस, सध्या मुक्काम माहेरी)

अरे सेलूकर, तुझी मेल वाचली तेव्हा मी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावरून पळून नुकतीच घरात शिरले होते. इथं आज ८ अंश आहे. रस्त्याच्या कडेला जागोजागी शेकोट्या, माणसं मफलर गुंडाळून बसलेली, आणि मी एका पातळ टी-शर्टात. एका आजोबांनी हाक मारून विचारलं, "बाई, घरी सगळं ठीक आहे ना?" पण खरं सांगू, घरात मला मिनियापोलिसपेक्षा इथंच जास्त थंडी वाजते. तिकडं बाहेर काही का असेना, घर गरम असतं. इथं पहाटे फरशीवर पाय टेकवत नाही.

आता तुझं. तुला थंडीनं नाही, घामानं मारलं. सुती कपडा घाम पितो आणि सोडत नाही. ओला कपडा अंगावर आणि समोरून वारा, मग लादी होणारच. अंगाला लागून सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचा पातळ थर घाल आणि वरून वारा अडवणारं हलकं जॅकेट. उणे ९ ला एवढं पुष्कळ झालं. उणे १५ च्या खाली गेलं की मध्ये आणखी एक थर. बाहेर जेवढं तापमान असेल त्याच्यात १० अंश मिळवायचे आणि तेवढ्या थंडीचे कपडे करायचे. म्हणजे उणे ९ ला १ अंशाचे. दारातून बाहेर पडल्यावर पहिली दहा मिनिटं कुडकुडायलाच पाहिजे. दारातच ऊब वाटली तर मागं फिर आणि एक कपडा काढून ठेव. हातात पाच बोटांचे मोजे नकोत, चार बोटं एकत्र राहतात ते मिटन घे, बोटं एकमेकांना ऊब देतात.

आईच्या स्वेटरचं वाईट वाटून घेऊ नकोस. बस स्टॉपवर उभं राहायला त्याच्यासारखा कपडा नाही.

निघताना वारा तोंडावर घ्यायचा, येताना पाठीवर. तू बरोबर उलटं केलंस. अंग कोरडं असतं तोवर वारा सोसतो. ब्दे माका स्का तळं माहीत असेल तुला, आम्ही जुनी माणसं अजून त्याला जुन्या नावानं लेक कॅल्हून म्हणतो. त्या तळ्याभोवतीचा रस्ता साधारण पाच किलोमीटर भरतो आणि तिथला बर्फ वेळेवर काढतात.

नुसतं तापमान बघून निघू नकोस, वारा धरून किती लागतं ते बघ. उणे १८ असलं आणि ताशी २५ किलोमीटरचा वारा असला, तर उघड्या कातडीला ते उणे २९ सारखं लागतं. तिथून पुढं अर्ध्या तासाच्या आत हिमदंश होऊ शकतो. मी त्या दिवशी घरात पोहे करते.

आता घसरण्याचं. लोकांना वाटतं, जेवढी जास्त थंडी तेवढी घसरण जास्त. तसं नसतं. उणे १५ ला कोरडा बर्फ बुटाखाली कर्रकर्र वाजतो, पाय धरतो. खरी भीती शून्याच्या आसपास. दुपारी बर्फ वितळतो, रात्री त्याचीच काच होते, आणि ती काळ्या डांबरावर दिसतसुद्धा नाही. पुलावर तर आधी होते, कारण खालूनही वारा लागतो. मीठ टाकलंय म्हणून निर्धास्त राहू नकोस. साधं मीठ उणे ९ च्या खाली फारसं काम करत नाही.

बुटांचा उपाय सांगते, मात्र हसू नकोस. माझे आजोबा बैलांना पत्री मारायला न्यायचे. बैलाला आडवं पाडायचं, चारी पाय कासऱ्यानं बांधायचे आणि खुरांना पत्र्या ठोकायच्या. मी लहानपणी डोळ्यांवर हात ठेवून बोटांच्या फटीतून बघायचे. तिकडच्या दुसऱ्या हिवाळ्यात आमच्या ह्यांनी गॅरेजमध्ये बसून माझ्या जुन्या बुटांच्या तळव्यात पत्र्यात मारायचे स्क्रू बसवले. षटकोनी डोक्याचे असतात बघ, जेमतेम एक सेंटिमीटरचे. कडेच्या जाड रबरात, एकेका बुटाला दहा-बारा. चवड्याच्या मध्ये रबर पातळ असतं, तिथं लावू नकोस, टोक पायाला टोचतं. डोकं बर्फात रुततं. आम्ही घरात त्या बुटांना पत्रीचे बूटच म्हणतो. विकतच्या रबरी जाळ्या मिळतात, पण माझ्या दोनदा निसटून बर्फात गेल्या. फक्त ते बूट घालून घरात शिरू नकोस.

आणि पावलं लहान टाक. पावसात काळ्या रानातून चालताना आपण टाकतो ना, शरीराच्या खाली पाय, घाई नाही, तशी.

---

प्रेषक: लातूरकर, टोरांटो

मावशींचा अनुभव दांडगा आहे, पण मी ट्रेडमिलवाला. चार वर्षांपूर्वी मनगट मोडून घेतलं, दीड महिना प्लास्टर. येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात बसून भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे खायची थंडी ती थंडी. बाकी ही थंडी काचेतून बघायची.

---

प्रेषक: आष्टीकर, शिकागो

लातूरकर, मनगटाचं वाईट झालं, पण एवढं भिऊन चालत नाही. आमच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात असताना सियाचीनला होता. पुढं २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसला, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, रौप्य आणलं, ८ मिनिटं ११.२० सेकंद. सोनं फक्त ०.०५ सेकंदानं हुकलं! बर्फातून आलेला गडी आहे.

---

प्रेषक: नांदेडचे डॉक्टरकाका, क्लीव्हलंड

आष्टीकर, साबळेचं मलाही कौतुक आहे, पण तो सियाचीनला सैनिक म्हणून होता. पळायला त्यानं नंतर सुरुवात केली, २०१५ च्या सुमारास. त्याचं नाव सांगून पोरांना उणे तीसमध्ये पाठवू नका.

मावशींच्या मेलमधलं एक वाक्य दुरुस्त करतो. पहिली दहा मिनिटं गार वाटलं पाहिजे, हे बरोबर. कुडकुडलं पाहिजे, हे नाही. पळताना अंगाला थरकाप सुटला आणि थांबेना, तर तडक घरी.

फुप्फुसं गोठतात म्हणून पालक मला फोन करतात. गोठत नाहीत. हवा नाकाघशातून आत जाईपर्यंत गरम होते. पण थंड कोरड्या हवेनं श्वासनलिका आवळतात, दमा असणाऱ्यांना जास्त. तोंडावर पातळ कपडा ओढून घ्यावा, आणि पंप खिशात नुसता ठेवू नये, डॉक्टरला विचारून निघण्याआधी घ्यावा.

कान, नाक, बोटं बधिर होऊन पांढरी, मेणासारखी दिसली तर चोळायची नाहीत. बर्फानं चोळायचं हे तर पार जुनं खूळ. हीटरवरही धरू नका, बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. कोमट पाण्यात, ३७ ते ३९ अंश. आणि संवेदना परत आली नाही तर दवाखाना.

तहान लागत नाही म्हणून पाणी टाळू नका, घाम जातोच. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून. गारठ्यात बॅटरी चाळीस टक्क्यांवरूनसुद्धा एकदम मान टाकते.

---

प्रेषक: सेलूकर

मावशी, काका, सगळ्यांचे आभार. आष्टीकर, पुढच्या हिवाळ्यात शिकागोला येतो.

आज उणे ११ होतं. आत पातळ सिंथेटिक, वरून हलकं जॅकेट, बस्स. दाराबाहेर पाऊल टाकलं आणि वाटलं, मेलो. सहाव्या-सातव्या मिनिटाला बरं वाटायला लागलं. तळ्याला एक चक्कर मारली. मावशी म्हणाल्या तसा आवाज येतो, कर्रकर्र. आमच्याकडं हुरडा खाताना ज्वारीच्या वाळल्या पाचटावर चाललं की असाच येतो. अर्ध्या रस्त्यात एक गोरी आजी मला मागं टाकून गेली. तिच्याही बुटाला स्क्रू होते, मी मुद्दाम बघितलं.

घरी आल्या आल्या आईला व्हिडिओ कॉल लावला. भुवया आणि पापण्या पांढऱ्या झालेल्या. आई ओरडली, "अगं बाई, एका सेमिस्टरमध्ये पोरगं म्हातारं झालं!" मग पहिला प्रश्न, माकडटोपी कुठं आहे. बस स्टॉपसाठी ठेवलीय म्हणालो. पटलं नाही तिला.

आता एक नवीन अडचण. कॉल लावायच्या गडबडीत पत्रीचे बूट काढायचे राहिले आणि तसाच स्वयंपाकघरापर्यंत गेलो. घरमालकाची लाकडी फरशी आहे. दारापासून ओट्यापर्यंत बैल गेल्यासारखे ओरखडे उठलेत. काय लावलं तर निघतील?