विकायला न काढलेले कार्ड

बेसबॉल खेळाडूंची चित्रे छापलेल्या, हौसेने जमवल्या जाणाऱ्या कार्डांची बातमी होते ती बहुधा किमतीमुळे. टॉप्स या कंपनीच्या १९५२ च्या संचातले मिकी मँटल या खेळाडूचे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले, हे खेळ न पाहणाऱ्यांच्याही कानावर गेले असेल. अमेरिकेतील मराठी संग्राहकांना आमचा प्रश्न मात्र वेगळा आहे: विकून फारसे काही मिळणार नाही, तरीही कुणाला देववत नाही, असे कोणते कार्ड आपल्याकडे आहे?

एडिसन, न्यू जर्सी

१९८७ साली शिकायला आलो. लहानपणी काड्यापेटीचे छापे जमवलेले असल्यामुळे दुकानाच्या गल्ल्यापाशी मांडलेली टॉप्सची मेणकागदी पाकिटे पाहून मला राहवले नाही. त्या वर्षीच्या कार्डांना लाकडी फळीसारखी चौकट होती आणि संच ७९२ कार्डांचा होता. तो पुरा करताना एकाच खेळाडूची सात-सात कार्डे साठली ती वेगळीच. पुढे कळले की त्या काळात कंपन्यांनी कार्डे वारेमाप छापली होती, आणि एका विक्रेत्याने मला सांगितलेल्या भावात माझा बाइंडरसुद्धा आला नसता. त्यातले ड्वाइट गुडनचे कार्ड मी वेगळे ठेवले आहे. पाकिटातली गुलाबी च्युइंगगमची पट्टी त्याच्या पाठीला चिकटली होती, तिचा तपकिरी डाग अजून आहे. ग्रेडिंगवाले, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून श्रेणी देणारे, त्याला दोष म्हणतात, म्हणोत बापडे.

पिट्सबर्ग

माझा अनुभव फसवणुकीचा आहे. १९७१ च्या टॉप्स कार्डांची चौकट काळी असल्याने कड जराशी झडली तरी आतला पांढरा पुठ्ठा दिसू लागतो, त्यामुळे धड कडांचे कार्ड मिळणे कठीण. एका प्रदर्शनात रोबेर्तो क्लेमेंतेचे, ६३० क्रमांकाचे, तसे कार्ड मिळाले आणि आनंदाच्या भरात मी खिशातले भिंगही बाहेर काढले नाही. ग्रेडिंगला पाठवलेले कार्ड ‘फेरफार केलेले’ अशा शेऱ्यासह, श्रेणी न देताच परत आले. मग दिव्याखाली तिरके धरले, तेव्हा कडेवर मार्कर पेनची जांभळट चकाकी दिसली. एका कोपऱ्यात तर शाई पुठ्ठ्याच्या जाडीत झिरपली होती. निकाराग्वातील भूकंपग्रस्तांना मदत घेऊन निघालेला क्लेमेंते ३१ डिसेंबर १९७२ रोजी विमान अपघातात गेला. त्याचे कार्ड केराच्या टोपलीत टाकायला माझा हात धजावला नाही. कडा कशा तपासाव्यात हे नवख्यांना दाखवताना आता तेच काढतो.

सिअ‍ॅटल

केन ग्रिफी ज्युनियरचे अपर डेक कंपनीचे १९८९ चे कार्ड, क्रमांक १. मूळ छायाचित्र सॅन बर्नार्डिनोच्या दुय्यम संघातले असून टोपी नंतर रंगवून इथल्या मरिनर्स संघाची केलेली आहे. माझ्या प्रतीचा कोपरा रबरबँडने मुडपला, दोष माझाच.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

लग्नानंतर इथे आले तेव्हा मला बेसबॉल समजत नव्हते. नवऱ्याच्या कार्डांच्या मागच्या बाजूचे वर्षवार आकडे वाचत मी तो शिकले. माझे आवडते कार्ड १९९६ चे, ग्रेग मॅडक्सचे, अगदी साधे: ईआरएच्या रकान्यात १९९४ समोर १.५६ आणि १९९५ समोर १.६३. क्रिकेटच्या सवयीने मला ही गोलंदाजीची सरासरी वाटली. पिचरने नऊ डावांमागे दिलेल्या धावांचा तो हिशेब आहे हे लवकर समजले, पण क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा त्यात धरत नाहीत, हे कळायला आणखी एक हंगाम जावा लागला.