घरच्या पुस्तकांची ऑनलाइन यादी : शेल्फवर काय, टॅगमध्ये काय? (मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू एकत्र)

साखरपेठ_वाचक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या घरच्या पुस्तकांची यादी लायब्ररीथिंगवर (घरच्या पुस्तकांची यादी ठेवायचं संकेतस्थळ) चढवणं चालू आहे. एकूण नऊशेच्या आसपास पुस्तकं. निम्म्याहून जास्त मराठी, त्याखालोखाल तेलुगू आणि कानडी, बाकी उर्दू, हिंदी, इंग्रजी. तिसरा हिस्सा नोंदून झालाय आणि टॅग, म्हणजे पुस्तकांना लावलेले खूणशब्द, दीडशेवर गेलेत. 'इतिहास', 'ऐतिहासिक', 'महाराष्ट्र-इतिहास' असे तीन-तीन शेजारी बसलेत. काही टॅग तर अक्षराला अक्षर सारखे दिसतात, तरी यादीत दोनदा येतात.

विचारायचं ते असं : शेल्फ कशासाठी आणि टॅग कशासाठी, याची रेघ कुठे ओढायची? भाषेचं शेल्फ करावं की टॅग? आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळख-क्रमांक) नसलेल्या जुन्या पुस्तकांचं काय? आणि हे सारखे दिसणारे टॅग वेगळे का राहतात?

सूचीकार_नवीपेठ

आधी शेल्फ. लायब्ररीथिंगमध्ये त्याला कलेक्शन म्हणतात. तिथं एक पुस्तक कितीही कलेक्शनमध्ये टाकता येतं, सॉफ्टवेअर अडवत नाही, त्यामुळे शिस्त आपणच ठेवायची. गुडरीड्स या तसल्याच दुसऱ्या संकेतस्थळावर 'वाचलं', 'वाचतोय', 'वाचायचंय' ही तीन शेल्फं एकमेकांना वर्ज्य असतात. एकात टाकलं की दुसऱ्यातून आपोआप निघतं. तीच पद्धत इथं हातानं पाळा. शेल्फ म्हणजे पुस्तकाची आजची स्थिती : घरात आहे, कुणाला दिलंय, बांधणीला गेलंय, घ्यायचंय. चार-पाच शेल्फं पुरतात. विषयाची शेल्फं करू नका. एकच पुस्तक 'इतिहास' आणि 'चरित्र' दोन्हींत बसायला लागतं आणि तिथूनच पसारा सुरू होतो.

खरं कपाट कुठलं, खण कितवा, हे शेल्फमध्येही नको आणि टॅगमध्येही नको. नोंदीत खासगी टिपणीचा रकाना असतो, त्यात 'क२-ख४' असा छोटा पत्ता लिहा : दुसरं कपाट, चौथा खण. पुस्तकं हलवली की तेवढंच बदलायचं.

भाषेसाठी वेगळा रकाना आहेच. मुख्य भाषा, दुय्यम भाषा, मूळ भाषा, असे तीन. कानडीतून मराठीत आलेल्या कादंबरीची मुख्य भाषा मराठी, मूळ भाषा कानडी. हे नीट भरलं तर भाषेचा टॅग लागतच नाही, आणि घरातली कानडीतून आलेली सगळी पुस्तकं एकत्र बघता येतात. सोलापुरातल्या संग्रहात ही सोय फार उपयोगाची आहे, कारण इथं घरोघरी अनुवाद आणि मूळ पुस्तक शेजारी-शेजारी असतं.

आता टॅग. प्रत्येक टॅग चारांपैकी एका प्रश्नाचं उत्तर असावा : विषय कोणता, जागा कुठली, काळ कोणता, साहित्यप्रकार कोणता. पाचवा प्रश्न घुसू देऊ नका. 'छान', 'आवडतं', 'जुनं', 'भेट आलेलं' हे टॅग सहा महिन्यांनी कुणालाच काही सांगत नाहीत. आवडीसाठी तारे आहेत.

उदाहरण घ्या. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं चरित्र. जन्म सोलापूरचा, १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले, १९४२ साली तिथंच वारले. टॅग : चरित्र, वैद्यक, सोलापूर, चीन, दुसरं महायुद्ध. पाच झाले, पुरे. 'डॉक्टर' नको, 'वैद्यक' आहे. 'सोलापूरची माणसं' नको, कारण 'सोलापूर' आणि 'चरित्र' हे दोन टॅग एकत्र शोधले की तीच यादी मिळते. दोन टॅगांच्या जोडीनं जे मिळतं त्यासाठी तिसरा टॅग कधीच करायचा नाही. हा एक नियम पाळला तरी तुमचे दीडशे पन्नाशीवर येतील.

अरुंद टॅग कधी करावा? '१९३०चा मार्शल लॉ' (इंग्रजांनी सोलापुरात लावलेला लष्करी कायदा) हा टॅग पुण्याच्या घरात कदाचित एका पुस्तकावर लागेल आणि वाया जाईल. सोलापूरच्या घरात मात्र त्यावर स्मरणिका, आठवणी, चार हुतात्म्यांवरची पुस्तिका अशी पाच-सहा पुस्तकं सहज निघतात. तिथं तो हवाच. तीनपेक्षा कमी पुस्तकं असलेला टॅग मोठ्या टॅगात विरघळवा. संग्रहाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पुस्तकांवर बसलेला टॅग फोडा.

एकत्र करण्याचं काम टॅगच्या यादीतून करा, एकेका पुस्तकात शिरून नाही. 'ऐतिहासिक'चं नाव बदलून 'इतिहास' केलं की दोन्ही एक होतात. पण थांबा, 'ऐतिहासिक'खाली कादंबऱ्या असतील तर आधी त्यांना 'कादंबरी' हा टॅग लावा, मग नाव बदला. उलट क्रमानं केलं तर कुठलं पुस्तक कादंबरी होतं हे शोधायला परत सगळी चाळावी लागतील. आणि टॅगमध्ये स्वल्पविराम चालत नाही. 'सोलापूर, गिरण्या' लिहिलं की दोन टॅग पडतात.

होटगीरोड_लिपी

सारखे दिसणारे टॅग वेगळे का, हे सांगतो. डोळ्याला एक दिसलं तरी संगणकाकडे आत वेगळे क्रमांक गेलेले असतात. मराठीत नेहमी भेटणाऱ्या जागा या :

'ॲ' हे एकच अक्षर आहे, युनिकोड (संगणकातली अक्षरांची क्रमांक-पद्धत) क्रमांक २४१८. काही कीबोर्ड 'अ' (२३०९) आणि वरचा चंद्र (२३७३) असे दोन तुकडे टाकतात. दिसायला तेच, शोधात वेगळं. 'बँक' आणि 'बॅंक' हाही तसाच घोळ : एकात चंद्रबिंदू, दुसऱ्यात चंद्र आणि अनुस्वार. सहकारावरची पुस्तकं असतील तर हा टॅग हमखास दोनदा होतो.

दुसरं, 'शेतकऱ्यांचा'मधला अर्धा र. एका पद्धतीत 'ऱ' (२३५३) आणि हलन्त, दुसऱ्या पद्धतीत साधा 'र' (२३५२), हलन्त (२३८१) आणि न दिसणारा जोडक (८२०५). बरेच जण यादी गुगल शीटमध्ये घेऊन हा न दिसणारा जोडक सरसकट पुसून टाकतात. तसं करू नका. तो गेला की 'शेतकर्‍यांचा'चं 'शेतकर्यांचा' होतं, रफार वर चढतो. आधी र, हलन्त, जोडक या तिघांची जोडी शोधून तिच्या जागी ऱ आणि हलन्त टाका. उरलेले जोडक मग बघा.

गुगल शीटमध्ये हे सब्स्टिट्यूट आणि युनिकॅर या दोन फंक्शननी होतं. क्रमांक वर दिलेच आहेत. शेवटी ट्रिम लावा, कारण टॅगच्या मागे राहिलेली मोकळी जागाही नकोच.

कोणाकडे श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली जुनी यादी असेल तर ती थेट चढवू नका. ती फक्त त्या फॉन्टमध्ये देवनागरी दिसते, आत इंग्रजी अक्षरं असतात. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. क्ष, ज्ञ, श्र, रफार इथं रूपांतर फसतं.

एक्सेलचं वेगळं दुखणं. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी मजकूर-फाइल) डबल क्लिकनं उघडली की मराठीच्या जागी चौकोन आणि चित्रविचित्र अक्षरं येतात. डेटा मेनूतून टेक्स्ट फाइल आत घ्या, एन्कोडिंग ६५००१ यूटीएफ-८ निवडा, आणि आयएसबीएनचा कॉलम टेक्स्ट करा. नाहीतर तेरा आकडी क्रमांकाचं ९.७८ई+१२ होतं, आणि ती फाइल तशीच सेव्ह केली की शेवटचे आकडे परत येत नाहीत. आयएसबीएन नेहमी इंग्रजी आकड्यांत टाका, देवनागरीत टाकला तर जुळत नाही.

सूचीकार_नवीपेठ

आयएसबीएनचं राहिलं. १ जानेवारी २००७ पासून तो तेरा आकडी झाला, त्याआधीच्या पुस्तकांवर दहा आकडी असतो. दोन्ही चालतात, पण जुना नव्यात बदलायचा तर शेवटचा तपास-आकडा काढा, पुढे ९७८ लावा आणि तपास-आकडा नव्यानं काढा : बारा आकड्यांना आळीपाळीनं १ आणि ३ नं गुणा, बेरीज करा, पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो आकडा. नुसतं ९७८ चिकटवून जुना शेवट ठेवला तर क्रमांक बहुधा चुकतो. भारतातले क्रमांक ९७८-८१ किंवा ९७८-९३ नं सुरू होतात. पुस्तक इथलं आणि सुरुवात वेगळी असेल तर मलपृष्ठ पुन्हा बघा.

क्रमांकच नसेल तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयाच्या सूचीत शोधा. त्यांचं दिल्लीतलं कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं गोळा करतं, त्यामुळे मराठीतलीही बरीच तिथं सापडतात. नोंद मात्र बहुधा रोमन लिपीत, अक्षरांवर रेघा-टिंबं असलेली येते. ती आणून शीर्षक आणि लेखक देवनागरीत बदला. तिथंही नसेल तर हातानं भरा : शीर्षक, लेखक, प्रकाशक, गाव, साल, आवृत्ती. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण वेगळं लिहा. साल शकात असेल तर ७८ मिळवा; शके १८५२ म्हणजे १९३०, आणि पुस्तक पौष ते फाल्गुनातलं असेल तर बहुधा १९३१.

साखरपेठ_वाचक

मनापासून आभार दोघांचे. लेखकांच्या नावांचं काय करू? तेलुगू नावं पूर्ण उलटी लागतायत. आणि उर्दू शीर्षक घातलं की ओळीतले शब्द इकडचे तिकडे होतात.

पूर्वभाग_ग्रंथ

तेलुगू नावात घराण्याचं नाव आधी येतं, तेच आडनाव. सॉफ्टवेअर शेवटच्या शब्दाला आडनाव समजतं. म्हणून नाव भरताना स्वल्पविराम आपण द्या : घराण्याचं नाव, स्वल्पविराम, बाकीचं नाव. कानडी नावांत पुढची आद्याक्षरं बऱ्याचदा गावाची आणि वडिलांची असतात, ती फोडून पूर्ण करायला जाऊ नका. मुखपृष्ठावर आहे तसंच ठेवा की.

मराठीत आद्याक्षरांमधली जागा ठरवा. 'वि. वा.' आणि 'वि.वा.' हे दोन लेखक धरले जातात. टोपणनावाचं असं : कविता कुसुमाग्रज नावानं आणि नाटक वि. वा. शिरवाडकर नावानं असेल तरी पुस्तकावर जे छापलंय ते लेखकाच्या रकान्यात ठेवा आणि दुसरं नाव टिपणीत लिहा, म्हणजे दोन्हीकडून सापडतं.

तेलुगू-कानडी शीर्षक मूळ लिपीत लिहा आणि टिपणीत देवनागरीत उच्चार द्या. घरातल्या ज्यांना ती लिपी वाचता येत नाही त्यांनाही मग शोधता येतं. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी पण मराठी शाळेत शिकलेली पिढी आहे, तिच्यासाठी हे फार गरजेचं.

उर्दूचं बिघडत काही नाही. उजवीकडून डावीकडची लिपी डावीकडून उजवीकडच्या मजकुरात आली की फक्त दिसण्याचा क्रम बदलतो, आतला मजकूर शाबूत असतो. एकाच रकान्यात उर्दू, मराठी आणि आकडे मिसळू नका, म्हणजे त्रास संपतो.

सूचीकार_नवीपेठ

दिवाळी अंकांचं कुणी बोललं नाही, आणि तुमच्याकडे ते असणारच. अंकाचं नाव हेच शीर्षक, त्यापुढे साल : अमुक दिवाळी १९८५. संपादक लेखकाच्या रकान्यात, साहित्यप्रकाराचा टॅग 'दिवाळी अंक'. आतल्या प्रत्येक कथेची नोंद करू नका, ते वेगळंच काम आहे. जी एखाद-दुसरी शोधायला लागते तिचं नाव टिपणीत टाका.

आणि दर महिन्याला सगळी यादी उतरवून घ्या. शेल्फारी हे असंच पुस्तकयादीचं संकेतस्थळ २०१६ मध्ये बंद होऊन गुडरीड्सकडे गेलं, तेव्हा ज्यांच्याकडे स्वतःची प्रत होती त्यांना काळजी नव्हती. उतरवलेली फाइल एकदा उघडून बघा : मराठी नीट दिसतंय का, नोंदींची संख्या जुळते का, टॅगचा रकाना भरलेला आहे का. एक प्रत ड्राइव्हवर, एक घरच्या पेनड्राइव्हवर. टॅग एकत्र करायला बसण्याआधीही एक प्रत काढा, कारण नाव बदलल्यावर मागे जायचं बटण नाही.