सातवीच्या मुलांकडून नवी लोककथा कशी रचून घ्यावी?

प्रश्न : सातवी_बच्या_बाई

पुण्यात दांडेकर पुलाजवळच्या एका शाळेत मी सातवीला मराठी शिकवते. वर्गात ४३ मुलं. या सत्रात प्रत्येकाने स्वतःची लोककथा रचायची आणि उभं राहून सांगायची, असं ठरवलं. लोककथेची वैशिष्ट्यं फळ्यावर लिहिली, श्रावणातल्या दोन कहाण्या वाचून दाखवल्या आणि म्हटलं, आता तुम्ही लिहा.

२९ वह्यांत राजा, राजकन्या, राक्षस. काही गोष्टी सरळ कार्टूनमधल्या. जवळजवळ सगळ्यांच्या शेवटी ‘तात्पर्य’, खाली रेघ मारून. सांगायला उभं केलं की पाठ केलेलं घडाघडा म्हणतात आणि एक ओळ विसरली की गप्प.

याच वर्गातली एक मुलगी आहे, घरचे परभणीकडून आलेले. परवा मधल्या सुट्टीत ती नळावरच्या भांडणाची हकिकत सांगत होती. पाच-सहा जणी घास हातात धरून ऐकत होत्या, मीसुद्धा दाराशी थांबले. तीच मुलगी वहीत लिहिते, ‘एके काळी एक दयाळू राजा राज्य करत होता.’ डब्याजवळची ती मुलगी मला वर्गात हवी आहे. हाताशी ३५ मिनिटांचे ४ तास आहेत. काय करू?

उत्तर : नारायणपेठकर

बाई, मी ३१ वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. माझं पहिलं सांगणं: वह्या दप्तरात ठेवायला लावा आणि चौथ्या तासापर्यंत बाहेर काढू देऊ नका. आधी लिहिलं की मूल वाक्य सांभाळत बसतं, गोष्ट निसटते.

दुसरं, विषय देऊ नका, जागा द्या. पुण्यात नावांमागे गोष्टी शोधायची सवय जुनी आहे. जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, डुल्या मारुती, उपाशी विठोबा. नाव ऐकलं की ‘का?’ आपोआप येतं. मात्र याच नावांवर रचायला सांगू नका, त्यांच्या गोष्टी आधीच आहेत आणि मुलं त्या मोबाइलवर शोधून आणतील. जिची गोष्ट अजून कुणी सांगितलेली नाही अशी जागा शोधायला लावा. रस्त्याच्या मधोमध राहिलेलं झाड, दोन पायऱ्या गायब असलेला जिना. आणि एकच प्रश्न: हे असं का झालं?

तिसरं, गोष्टीत एक वाक्य असं हवं की ते तीनदा येईल आणि तिसऱ्या वेळी सगळा वर्ग बरोबर म्हणेल. चिमणी दाराआडून ‘थांब, माझ्या बाळाला’ म्हणते किंवा म्हातारी ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ म्हणते, तेव्हा ऐकणारं पोर कसं सरसावून बसतं, ते आठवा. सांगणारा विसरला तरी हे वाक्य त्याला परत रस्त्यावर आणतं. पाठांतराची गरजच उरत नाही.

मग साखळी करा. एकाने दुसऱ्याला पटांगणात सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं पाच जणांपर्यंत. पाचव्याने वर्गात सांगायची आणि मूळ रचणाऱ्याने मधे बोलायचं नाही. हे त्यांना फार जड जातं. माझ्या वर्गात एक मुलगा रडला होता, कारण त्याचा आवडता पोपट तिसऱ्या तोंडीच गळाला होता. पण गोष्टीला लोककथा म्हणायचं तर ती एकाची राहून चालत नाही. ती आपल्या हातून जाते कशी, हे मुलांनी एकदा अनुभवायलाच हवं.

उत्तर : इतिहासाचा_विद्यार्थी

मला एक काळजी वाटते. रचलेल्या गोष्टी व्हॉट्सॲपवर इतिहास म्हणून फिरतात. शनिवारवाड्याचंच बघा. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावांचा खून झाला, एवढं पक्कं. रात्री ऐकू येणाऱ्या हाका नंतर चिकटल्या, आणि आज लोकांना त्याच आधी माहीत असतात. मुलांच्या गोष्टींतही असं होणार नाही का?

उत्तर : नारायणपेठकर

काळजी रास्त आहे. मी तीन गोष्टींना बंदी घालत असे: खऱ्या राजाचं नाव, देवाचा चमत्कार आणि सन. ‘आटपाट नगर होतं’ म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, इथे पत्ता विचारायचा नाही. कागदावर उतरवाल तेव्हा ‘रचणारे : सातवी ब’ असं मात्र ठळक लिहा.

उत्तर : मुळशीचा

माझी आजी जात्यावर बसली की ‘पहिली माझी ओवी’ म्हणून सुरू करायची आणि पुढच्या ओव्या तिथल्या तिथे जुळवायची. शाळेत एक दिवस मी तिच्यासारखं ‘पानी’ म्हटलं, तर गुरुजींनी दहा वेळा ‘पाणी’ लिहायला लावलं. त्यानंतर मी वर्गात कधी काही सांगितलं नाही. परभणीच्या त्या मुलीला सांगताना अडवू नका, एवढीच विनंती.

उत्तर : सातवी_बच्या_बाई

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. वह्या खरंच बंद ठेवल्या. पहिला तास फुकट गेला, मुलं नुसती हसत होती.

जागा शोधायला सांगितलं तर निम्म्या वर्गाने आंबिल ओढा आणला. आणणारच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो घराघरांत शिरला होता, तेव्हा ही मुलं लहान होती, पण घरात अजून भिंतीवर बोट ठेवून ‘इथवर पाणी’ दाखवतात. ओढ्याचं पात्र पेशवाईत वळवलं होतं, एवढंच मी सांगितलं. बाकी त्या परभणीच्या मुलीने केलं.

तिच्या गोष्टीत ओढ्याला त्याच्या घरातून उठवलेलं असतं. तो दर पावसाळ्यात एकेका दारात येतो आणि एक चप्पल घेऊन जातो, घर शोधायला लांब चालायचंय म्हणून. दारात म्हातारी उभी. ओढा म्हणतो, ‘एक दिलीस, दुसरी कधी?’ तिसऱ्यांदा ४३ जणांनी हे एवढ्या मोठ्याने म्हटलं की शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. मुलगी सगळं ‘म्या म्हनलं’ करत सांगत होती. मी एक अक्षर सुधारलं नाही.

साखळीत तिच्या गोष्टीतला सरपंच आणि दोन भाऊ गळाले. म्हातारी, ओढा आणि चप्पल उरली.

काल ती रागाने माझ्याकडे आली. सातवी अ मधली एक मुलगी फाटकाजवळ हीच गोष्ट सांगत होती म्हणे, आणि तिच्या गोष्टीत म्हातारी दुसरी चप्पल स्वतःच पायातून काढून देते. ‘बाई, माझी म्हातारी देत न्हाई!’ तिचे डोळे भरले होते. मी तिला जवळ घेतलं, पण काय सांगावं ते सुचलं नाही. पुढच्या आठवड्यात हस्तलिखित करायचंय. त्यात कोणती म्हातारी घेऊ?

उत्तर : नारायणपेठकर

दोन्ही घ्या, समोरासमोरच्या पानांवर. आणि तिला फाटकाजवळ जाऊन ती दुसरी गोष्ट पूर्ण ऐकायला सांगा. परत आल्यावर काय म्हणते, ते मला नक्की कळवा.