राडागास्ट आणि निनावी राहिलेले दोन जादूगार

प्रश्न: टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीत पाच जादूगारांच्या दंडांचा (काठ्यांचा) उल्लेख येतो, परंतु गँडाल्फ, सारुमान आणि ओझरता भेटणारा राडागास्ट वगळता उरलेले दोघे कोण?

उत्तर १: कादंबरीत त्यांची नावे नाहीत. टॉल्किनच्या निधनानंतर, १९८० मध्ये निघालेल्या ‘अनफिनिश्ड टेल्स’मध्ये ती अलाटार आणि पलांडो अशी येतात, निळ्या वस्त्रांतले हे दोघे सारुमानसोबत पूर्वेकडे गेले आणि परतलेच नाहीत.

उत्तर २: मला मात्र राडागास्ट अधिक रोचक वाटतो. रस्त्याकडेला, चरणाऱ्या घोड्याशेजारी बसलेला हा भाबडा गृहस्थ सारुमानचा निरोप देतो आणि गँडाल्फ अलगद सापळ्यात सापडतो. तरीही त्यानेच पक्ष्यांना बातम्या आणायला धाडल्यामुळे ग्वाइहिर गरुड सारुमानच्या ऑर्थांक बुरुजावर पोहोचून गँडाल्फची सुटका करतो. पुढे एल्फांचा अधिपती एलरॉंड याचे टेहळे रोसगोबेलला, म्हणजे राडागास्टच्या जुन्या घरी गेले, तेव्हा तो तिथे नव्हता.

प्रश्नकर्ता: म्हणजे सुटकेचे थोडे श्रेय राडागास्टचेही, हे ध्यानातच आले नव्हते.